निवेदन गेलंय

“सगळी सरकारी खाती एका सुरात ‘सुरक्षित’ म्हणाली, की आपण उठून बघायचं,” रेडिओच्या बातम्यांत जन्म घालवलेले शेजारी एकटे राहणारे वर्तककाका तिला म्हणाले होते. तिने ते हसण्यावारी नेलं.

आज हवाई हल्ल्याचा सराव होता. भोंग्याआधीच पोलीस, पालिका, जिल्हा कार्यालय, तिघांचा मोबाइलवर शब्दशः एकच संदेश आला: ‘सराव यशस्वी. सर्व नागरिक सुरक्षित.’ मग कुठे भोंगा वाजला, वीज गेली.

बाळाला कडेवर घेऊन ती जिन्यात धावली. बंद लिफ्टमधून हृदयरोगी वर्तककाकांच्या हाका आणि दारावरच्या थापा ऐकू येत होत्या. तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला.

“ताई, कोणीही अडकलेलं नाही. तसं निवेदन गेलंय.”

“मग लिफ्टमध्ये काय तुमचं निवेदन धापा टाकतंय?”

शेवटी वॉचमननेच दार उघडलं. घामाघूम काका तिच्या खांद्यावर टेकले.

तुमच्या शेजारीही कोणी एकटं राहतं ना? संदेश नंतर वाचा. आधी त्यांचं दार वाजवा.