दादांचा टेस्टर

दादांनी काउंटरवरचा पाचवा पेचकस उचलला, अंगठ्याच्या नखानं त्याची मूठ चाचपली आणि परत ठेवून दिला.

"एक हजार व्होल्ट हे मुठीवर कोरलेलं पाहिजे," ते म्हणाले. "छापलेलं नको. छापायला काय, कुणीही छापतं."

दुकानदारानं मुकाट्यानं दुसरा डबा काढला. अडतीस वर्षं कारखान्यात वायरमन असलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढी अक्कल त्याला होती. दादांनी बोटांनीच निवड केली. टोकापर्यंत प्लास्टिक चढवलेला एक पसरट तोंडाचा, एक फुलीच्या तोंडाचा, आणि बटणांच्या बारीक स्क्रूंसाठी एक पेन्सिलीएवढा. शेजारी त्यांची भावजय कापडी पिशवी धरून उभी होती. तिच्या घरातलं बेलचं बटण सैल झालं होतं, स्वयंपाकघरातला होल्डर लोंबत होता. असली कामं तिचा नवरा करायचा. "तू एकटी जाऊ नकोस, काहीही गळ्यात मारतील. मी येतो," असं दादाच तिला म्हणाले होते.

खरं सांगायचं तर दादा पेचकस घ्यायला आलेच नव्हते. त्यांच्या खिशात जुना टेस्टर होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत खोटा ठरवायचा होता.

सात आठवड्यांपूर्वी गीझरच्या सॉकेटमधली तार सुटली होती. दादांनी मेन बोर्डावरचं बटण खाली पाडलं. ते चुकीचं निघालं. होतं असं कधी कधी, म्हणून तर हात घालण्याआधी टेस्टर लावायचा असतो; तारेत वीज असली की त्याच्या मुठीतला बारीक दिवा लागतो. दादांनी तो दोन्ही तारांना लावला. तारा जोडायचं काम लहानपणापासून धाकट्या भावाचं, कारण त्याची बोटं बारीक.

"दादा, दिवा लागला का?" त्यानं विचारलं.

"नाही. घाल हात."

धाकट्यानं वाकून बघितलंसुद्धा नाही. दादा नाही म्हणाले म्हणजे नाही, अशी त्या घराची रीतच होती.

त्यानंतर भावजय त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. दोन्ही वेळा वाढायची, गोळ्यांची आठवण करायची. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर दादांना बरं वाटलं असतं. कारखान्यात हत्याराला दोष देणाऱ्या पोरांना ते "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणून हिणवायचे. आता आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अंगण वाकडं असायला हवं होतं. टेस्टर खराब निघाला, तर धाकटा टेस्टरपायी गेला. नाही निघाला, तर... त्याच्यापुढं दादा कधी गेलेच नव्हते.

काउंटरच्या टोकाला लाकडी फळीवर एक सॉकेट बसवलं होतं, माल तपासायला. शेजारी बल्ब जळत होता.

"यात वीज आहे ना?"

"बल्ब जळतोय की, काका."

दादांनी खिशातून टेस्टर काढला. टोक सॉकेटमध्ये घातलं, अंगठा टोपीवर दाबला आणि डाव्या हाताचा आडोसा करून नीट बघितलं. मुठीत अंधार. त्यांनी टोक दुसऱ्या भोकात घातलं, पुन्हा पहिल्यात. अंधारच.

"बघितलंस?" ते भावजयीकडे वळले. "मेलेला आहे हा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिनं मान फिरवली. दुःख आहे, बिचारी काय बोलणार, असं दादांना वाटलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला.

"आता एक चांगला टेस्टर द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "हिच्या घरात राहू दे."

दुकानदारानं नवा दिला. दादांनी लावला. मुठीत अंधार.

"हाही गेलेला."

तिसरा पाकीट फोडून काढला. तोही तसाच.

"दुकान चालवता की माणसं मारता?" दादा कडाडले. "एकाचा जीव गेलाय या असल्या मालापायी!"

दुकानदारानं तोंड उघडलं, भावजयीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग त्यानं आतून चौथा आणला, सगळ्यात महागाचा, जाड मुठीचा. त्यानं तो दादांच्या हातात फार हळू ठेवला.

दादांनी टोक सॉकेटमध्ये घातलं. टोपीवर अंगठा दाबला. डोळे बारीक केले, मूठ नाकापर्यंत आणली. शेजारचा बल्ब जळत होता. त्याच्याभोवती पिवळं धुकं होतं. तसं धुकं गेलं वर्षभर सगळ्याच बल्बांभोवती असायचं, आणि दादा त्याचं खापर हल्लीच्या बल्बांवर फोडायचे.

टेस्टर तसाच धरून त्यांनी मान वळवली. अडतीस वर्षांत जे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"लागला का गं?"

भावजयीनं पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात सॉकेटपासून अलगद बाजूला घेतला.

"हो, दादा," ती म्हणाली. "पहिलाही लागला होता."