एक पाय वस्तऱ्याचा, एक वॅक्सचा

शनिवारी दुपारी साउल मास्तर पहिल्यांदाच आपल्या मुलीच्या पार्लरची पायरी चढले. तेही विल्मरच्या पायांसाठी.

ओतिलियाने त्यांना आरशातून पाहिलं. पार्लर थाटून तिला कितीतरी वर्षं झाली होती आणि मास्तरांचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. पण दुइतामा गावात शर्यतीची सायकल हाणणारा प्रत्येक मुलगा कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेला. लेकीकडे डोकावायला सवड व्हायची कुठून.

विल्मर, मास्तरांचा सध्याचा सगळ्यात तेज चेला, खुर्चीत बसला आणि त्याने पाय पुढे केले. शर्यतीची सगळीच पोरं पाय गुळगुळीत ठेवत, मालिशीला आणि पडल्यावर जखमा धुवायला सोपं म्हणून. वस्तऱ्याने पोटऱ्यांवर पुळ्या उठल्या होत्या. मालिशवाल्याचा हात लागला की कळवळायचा. दुसऱ्या दिवशी घाटाची शर्यत होती, आणि राजधानी बोगोताच्या एका सायकल-संघाची माणसं त्याला बघायला येणार होती.

मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळ्या उपायांची झाडाझडती घेतली. क्रीम नको, एका पोराने लावलं होतं, घाटावरच्या उन्हात त्याच्या मांड्या भाजल्यासारख्या लाल झाल्या. मशीन नको, खुंट राहतात, आणि सायकलवरून पडल्यावर जखमेची चिकटपट्टी काढताना जीव जातो. वस्तरा सगळ्यात स्वच्छ, पण तिसऱ्या दिवशी काटे. राहता राहिलं वॅक्स. ते बायकांचं, असं आपण आजवर म्हणत आलो. पण बोगोताची पोरं हल्ली तेच करतात म्हणे.

"वॅक्स दोन दिवस आधी करायचं असतं, पापा," ओतिलिया म्हणाली. "आज केलं तर उद्या घामाने चुरचुरेल."

"मग एक पाय तू कर, एक मी करतो. घाटावर कळेलच कोणता चांगला."

"म्हणजे सायकल एका अंगाला वळणार, मास्तर," विल्मर म्हणाला.

मास्तर खळखळून हसले. घरात असं हसताना ओतिलियाने त्यांना फारसं ऐकलं नव्हतं.

डावा पाय तिच्याकडे आला. उजव्या पायाची टाच मास्तरांनी आपल्या गुडघ्यावर घेतली, अंगठ्याने कातडी ताणली आणि फेसातून वस्तरा वर नेला. हात जराही थरथरत नव्हता. ते हलक्या आवाजात विल्मरला सांगत होते, कोणत्या वळणावर सीटवरच बसून राहायचं, पाणी कुठे प्यायचं, कुणाच्या चाकामागे लागायचं नाही. ती लहान असताना दर शनिवारी अंगणात हेच चालायचं. ओतिलिया गरम पाण्याचं घमेलं धरून उभी असायची आणि मास्तर वर न बघता म्हणायचे, "पाणी." सायकलवर बस, असं तिला कुणी म्हटलं नाही. तिनेही कधी सायकल मागितली नाही.

तिने पट्टी दाबली आणि गरजेपेक्षा जोरात ओढली. विल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड मिटलेलंच राहिलं. त्याने ओरडावं असं तिला वाटत होतं. दुसरी पट्टी तिने त्याहून जोरात ओढली.

"हळू," मास्तर मान वर न करता म्हणाले. "उद्या त्याला चढायचंय."

मग मात्र तिने आजवर कुणाचा केला नसेल इतक्या निगुतीने तो पाय केला. गुडघ्यामागच्या घडीतसुद्धा एक केस ठेवला नाही.

मास्तरांनी हात पुसले, डोळे मिटले आणि दोन्ही पोटऱ्यांवरून तळवा फिरवला. उजव्या पायावरून तो लगेच उठला. डाव्यावर बराच वेळ रेंगाळला, खाली घोट्यापर्यंत गेला, पुन्हा वर आला. ओतिलियाने वॅक्सचं भांडं खाली ठेवलं आणि ती थांबून राहिली.

"वॅक्स चांगलं आहे," मास्तर विल्मरला म्हणाले.

त्यांनी टोपी घातली. बाहेर पडताना विल्मर वळून "येतो, ताई" म्हणाला. रस्त्यावरून मास्तरांचा आवाज आला, पाय झाक पोरा, गार पडतील.

रविवारी शर्यत सुटली आणि मास्तर मागून जाणाऱ्या मदतीच्या गाडीच्या पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. विल्मर तोवर घाटात होता. तो पहिला आला. वर मास्तर दिसेनात म्हणून तसाच खाली उतरत आला, तेव्हा त्याला कळलं.

सोमवारी मास्तरांच्या घरी सगळ्या दुइतामाचे सायकलवाले जमले, म्हातारे आणि तरुण. ओतिलिया दाराशी उभी होती. लोक तिचा हात दाबत आणि पुढे जाऊन विल्मरला कवटाळत. गुळाच्या गरम पाण्याचा पहिला पेला बायकांनी त्याच्याच हातात दिला. एका जुन्या गड्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मास्तरांना मुलगा नव्हता," तो म्हणाला, "पण तू होतास. पोरका झालास रे." खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

ओतिलिया आत आली तसा विल्मर शवपेटीजवळच्या खुर्चीवरून उठला. बसा ताई, म्हणाला. ती बसली नाही. तो तिच्याजवळ सरकला. त्याचा चेहरा सुजला होता.

"ताई, परवा घरी जाताना मास्तर तुमच्याबद्दल काही म्हणाले का, ते मी आठवून पाहतोय. तुम्हाला सांगता आलं असतं." तो थांबला. "काहीच नाही म्हणाले."

तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. इतकं खरं तिच्याशी त्या दिवसांत कुणीच बोललं नव्हतं. मग ती पेटीकडे वळली. आवाज तिने खाली घेतला नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, स्वच्छ ठेवला.

"पापा," ती म्हणाली, "घाट मीही चढले असते."