चारचा आकडा

यंत्रावर आकडा आला चार.

तपासनिसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चारच. धुराची मर्यादा पन्नासची, आणि गाडी अकरा वर्षांची, डिझेलची, दिवसातून दोनदा शाळेची चिल्लीपिल्ली वाहणारी. गेल्या वर्षी याच व्हॅनने एकाहत्तर दाखवून अख्ख्या शेडला खोकायला लावलं होतं. आणि आता म्हणे चार! अहो, कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीलाही हा आकडा दाखवताना घाम फुटावा.

"पास ना, बाबा?" शेजारी उभ्या मुलाने विचारलं.

मुलगा तपासनिसाचा स्वतःचाच. दोन रस्ते सोडून त्याचं गॅरेज होतं, पण तिथे हात काळे व्हायचे नाहीत. लॅपटॉपची वायर गाडीला जोडायची आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला शहाणं करून सोडायचं, असं काम. म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. डॉक्टरच्या गाड्या तपासणीला एरवी पलीकडच्या रांगेत जात. बापाच्या रांगेत कधी यायच्या नाहीत, आणि का येत नाहीत हे बापानेही कधी विचारलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज पलीकडचं यंत्र बंद पडलं होतं आणि व्हॅनला उद्यापासून शाळा होती, म्हणून डॉक्टर ती इथे घेऊन आला होता.

तपासनिसाने यंत्राची नळी सायलेन्सरमधून काढली आणि सायलेन्सरच्या आत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट निघालं.

"चाळीस ठेवला असतास," तो हळूच म्हणाला, "तर मला कळलंही नसतं रे. शिक्का मारून मोकळा झालो असतो."

बापाशी खोटं बोलणं मुलाला कधीच जमलं नव्हतं. "अर्धवट काम करायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

हे मात्र खरं होतं. पाना धरायला शिकवला तेव्हापासून त्याने पोराकडून हेच घोकून घेतलं होतं. पोराने इतकं मनावर घेतलं की लबाडीसुद्धा टापटीप केली.

"कॉम्प्युटरला कळतं कसं, तपासणी चाललीय ते?"

बापाने त्याच्या कामाबद्दल आजवर काही विचारलं नव्हतं. मुलाचा चेहरा उजळला. "स्टिअरिंगवरून! गाडी उभी, इंजिन जोरात, आणि स्टिअरिंग केसभरही हलत नाही, असं फक्त इथेच होतं. तेवढा वेळ इंजिन सभ्य वागतं. स्टिअरिंग हललं की समजतं, आलो रस्त्यावर. मग पुन्हा भरपूर डिझेल, भरपूर ताकद, जसं व्हॅनवाल्याला हवं तसं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो.

तपासनीस व्हॅनमध्ये चढून स्टिअरिंगपाशी बसला. "नळी घाल परत."

"बाबा, स्टिअरिंग फिरवायचं नियमात नाहीये."

"नाहीये."

"गॅरेजला टाळं लागेल. पुन्हा कोणी गाडीला हात लावू देणार नाही मला."

"माहीत आहे."

"मग कशाला? आकडा आलाय की चांगला!"

तपासनिसाने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर एक इवलासा मोजा पडला होता. या व्हॅनला दार मागून, आणि सायलेन्सरचं तोंड बरोबर त्या दाराखाली. शाळा सुटली की व्हॅनवाला इंजिन चालूच ठेवायचा. एकेक पोर वर चढेपर्यंत बाकीची तिथेच रांगेत उभी. तपासनिसाने हे येताजाता शंभरदा पाहिलं होतं, आणि शंभरदा पुढे निघून गेला होता.

एकुलता एक मुलगा, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला. तपासनिसाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"नळी घाल," तो पुन्हा म्हणाला.

मुलाने घातली. सवयीने नीट, शेवटपर्यंत, चिमटा लावून.

तपासनिसाने ॲक्सिलरेटर दाबला आणि स्टिअरिंग पाव वळण डावीकडे घेतलं. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. मागून काळा लोट उठला आणि मुलगा तोंडावर बाही धरून बाजूला झाला. चारचा आकडा चढत चढत अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला.

गाडीत फेरफार सापडला की भरायचा कागद वेगळा असतो, लाल. त्यातला शेवटचा रकाना म्हणजे फेरफार करणाऱ्याचं पूर्ण नाव. त्या रकान्यात कोणी नाव लिहिल्याचं ऐकिवात नव्हतं. सगळे 'अज्ञात' लिहीत आणि चहाला जात.

"अज्ञात लिहा, बाबा." मुलगा जवळ येऊन म्हणाला. "नापास करा खुशाल. पण तेवढं अज्ञात लिहा. सगळेच लिहितात."

तपासनिसाने मान वर केली नाही. वर पाहिलं असतं तर त्याच्याने लिहिणं झालं नसतं. काळं बोट कागदाला लागू नये म्हणून त्याने ते मुठीत दुमडलं आणि पेन उघडलं.

आधी त्याने मुलाचं नाव लिहिलं. मग, पूर्ण नावात लिहावं लागतं तसं, मधे स्वतःचं. मग दोघांचं एकच आडनाव.