मुकुंदची जीभ

पुण्यातल्या बिअर महोत्सवात मुकुंदने सवयीप्रमाणे ग्लासात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवले आणि काळ्या एल बिअरचा घोट घेतला. समोर रिकाम्या हाताने बसलेल्या विद्याधरने डोळे मिटले. आजारपणात त्याची चव गेली होती. आता स्वतःच्या कानामागे बसवलेल्या चकतीतून मुकुंदच्या जिभेवरची चव त्याला कळायची. काळी एल विद्याधरची लाडकी, म्हणून मुकुंद तीन वर्षं तीच पीत होता.

“कशी आहे?” मुकुंदने विचारलं.

“तुला काळी आवडत नाही ना?” विद्याधरने विचारलं.

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या जिभेने. पहिल्या घोटापासून मलाही ती नकोशी लागतेय.”

“मग तीन वर्षं बोलला का नाहीस?”

“तू माझ्यासाठी पीत होतास. बोलवत नव्हतं.” विद्याधरने टेबलावरचा आंब्याच्या बिअरचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. “ही घे. तुला आवडली, की मलाही आवडेल.”