एकच लाइन

लेकीचे बाबा बोटीवर असतात, आणि बोट बंदरात असेपर्यंतच त्यांना मेल वाचता येते. लेकीच्या पहिल्या दाताचा फोटो आजच पाठवायचा होता. आमच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम. जुन्या सिस्टिममध्ये मोडेम चालायचा, फोटो मात्र नव्या सिस्टिममध्ये होता, आणि तिथे मोडेम आणि साउंड कार्ड सवतींसारखे भांडायचे. लेक झोपताच मी दादाला फोन लावला, आणि रिसीव्हर मानेत धरून, तो सांगेल तसं साउंड कार्डच उपटलं.

“दादा, डायल टोन नाही म्हणतोय!”

“जुन्या सिस्टिममध्ये जाऊन बघ.”

“तिथेही तेच. मारला वाटतं मी मोडेम!”

“वेंधळी ती वेंधळीच. रडू नकोस, नव्या सिस्टिममध्ये परत ये आणि पुन्हा डायल कर.”

मी डायल केलं, तेवढ्यात जागी झालेली लेक रांगत आली आणि तिने फोनचा खटका दाबला. दादाचा आवाज बंद झाला, आणि मागे मोडेम किंचाळत जोडला गेला! घरात लाइन एकच, आणि ती तासभर आम्हीच अडवून बसलो होतो.



फोटो निम्मा गेला होता, तेवढ्यात ही अक्कल दादाला सांगायला मी घाईघाईने फोन उचलला.