दुसरं चित्र

"हलू नका, काका."

"हललो न्हाई," गेणबा म्हणाला आणि पुन्हा हलला.

इलाहीनं कुंचला खाली ठेवला. अठ्ठावन्न सालच्या मे महिन्याची सुट्टी. सुट्टीचे पंधराच दिवस उरले होते. जिवंत माणूस समोर बसवून तैलरंगात काढलेलं चित्र घेऊनच परत यायचं, असं मुंबईच्या चित्रशाळेतल्या सरांनी बजावलं होतं. पौड गावात उघड्या अंगानं बसायला कुणी तयार होईना. शेवटी मुळशीच्या धरणाकाठचा गेणबा आपणहून म्हणाला, "मी बसतो. पर माझ्या वट्यावर यावं लागंल."

पन्नाशीचा गडी. केस पिकलेले, मिशी सफाचट, खांदे उतरलेले. कातडीखालचं हाड शोधा, असं सर म्हणायचे. इलाहीला ते सापडत नव्हतं. पिवळा जास्त झाला की अंग आजारी दिसे, तांबडा घातला की भाजल्यासारखं. रोज सुरीनं रंग खरवडायचा, रोज पहिल्यापासून सुरुवात.

घरातली साळूबाई दिवसातून दोनदा चहा आणायची. कपाळावर ठसठशीत कुंकू. कप ठेवून आत जायची. तिची पावलं वाजली की गेणबाची मान वळे आणि इलाहीची सावली चुके.

चौथ्या दिवशी गेणबा उठून चित्रापाशी आला.

"केस काळं कर."

"काळे नाहीत, काका."

"मिशी काढ, पीळ दिलेली. अन् खांदं रुंद कर जरा."

इलाहीला हसू आलं. या वयात ही हौस! "दिसतं तेच काढायचं. नाहीतर सर नापास करतील."

"मग दुसरा गडी बघ." गेणबानं सदरा अंगात चढवला.

शेवटी ठरलं, एक चित्र सरांचं, एक गेणबाचं.

सरांचं कसंबसं उरकलं. गेणबाचं मात्र जड गेलं. खांदा वर घ्यायचा, तर तो किती खाली आलाय हे आधी कळायला हवं. गाल भरायचा, तर वयानं तिथलं काय काय नेलं ते बघायला हवं. बघता बघता इलाहीला पहिल्यांदाच कातडीखालचं हाड दिसलं.

गेणबाला आता बसवेना. घडीघडीला उठायचा. "नाक आसं न्हाई, वाईच बसकं. डोळं हसरं पायजेत."

"मग हसा की."

"मला न्हाई जमायचं तसं."

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी इलाहीनं हात पुसले. "झालं, काका."

गेणबा चित्राकडे बघत राहिला. दोनदा दारापर्यंत गेला, दोनदा परत आला. मग उंबऱ्याबाहेरूनच आत तोंड करून म्हणाला, "जरा भाईर या."

साळूबाई हात पुसत आली. चित्र पाहिलं आणि जागीच थबकली. डोक्यावरचा पदर तिनं कपाळाखाली ओढला, मान खाली घातली. नवऱ्याला पुन्हा तरणा बघून बाई लाजली, असं इलाहीला वाटलं. गेणबा चित्राकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"भावजी," ती त्याला म्हणाली, "फौजंत गेलं तवा तुमचं दादा अगदी असंच व्हतं."