राहिलेला नमस्कार

मामा वखारीच्या फाटकातून आत आला तेव्हा करवत चालू होती आणि भाच्याची पाठ फाटकाकडे होती.

फळ्या रचणाऱ्या आक्काने त्याला सगळ्यांत आधी पाहिलं. तिच्या हातातली फळी हातातच राहिली. "अगं बाई, आला की हा," ती म्हणाली, तेही स्वतःशीच. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. करवतीवरच्या माणसाला पाठून हाक मारायची नाही, हा वखारीचा पहिला नियम. कितीही जवळचा असो, वळसा घालून समोर जायचं, त्याच्या नजरेला पडायचं, पातं थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं आणि मग काय ते कसं-काय, बरं-आहे. आभाळ कोसळलं तरी हेच.

हा नियम एकदाच मोडला होता. मोडणारा आता करवतीवर उभा होता.

तसा भाचा मूळचा बोलघेवडा. फाटकापासून कामाच्या जागेपर्यंत यायलाच त्याला युगं लागायची, कारण वाटेत भेटेल त्याला नमस्कार. हमालांना, ट्रकवाल्यांना, मालकाच्या कुत्र्यालासुद्धा. वखारीने त्याचं आडनावच बदलून टाकलं होतं, नमस्कारे. मग त्याला मुलगी झाली. दवाखान्यातून धावत सुटला तो थेट करवतीच्या मागे येऊन ओरडला, "नमस्कार करतो मामा, आजोबा झालात!" तेव्हा करवतीवर मामा होता. मामाने हसत मान वळवली. डावा हात मात्र लाकडाबरोबर पुढे जात राहिला.

त्या दिवसापासून नमस्कारेने कुणाला नमस्कार केला नाही. मामाला भेटायला तो रोज दवाखान्यात जायचा, पण खोलीच्या दारापर्यंतच. आत पाऊल टाकताना माणूस काहीतरी म्हणतो, तेच त्याला म्हणता येईना. दारातूनच मागे फिरायचा. मामा घरी गेल्यावर तर त्या गल्लीतून जाणंही त्याने सोडलं. मालकाने त्याला मामाच्या जागी उभं केलं, तेव्हा नको म्हणायलाही त्याचं तोंड उघडलं नाही.

एकदाच तो आक्काजवळ बोलला होता. "आक्का, पात्याने लाकूड धरलं ना, की मला ऐकू येतं. मागून. माझाच आवाज."

"कानात बोळे घाल," आक्का म्हणाली होती. काय बोलणार बिचारी!

त्याने बोळे घातले. मग तो आवाज आणखी स्पष्ट यायला लागला.

मामा चालत आला आणि करवतीच्या मागे थांबला. त्याच जागी, जिथे भाचा उभा राहिला होता. डावा हात सदऱ्याच्या खिशात. हमालांनी ओंडका खाली ठेवला. मालक कचेरीच्या दारात आला आणि तिथेच खिळला. मामाला बोलवावं तर हाक मारावी लागणार, आणि हाक मारली तर भाचा वळणार. सगळ्यांची तोंडं बांधल्यासारखी झाली. मामा भाच्याच्या पाठीकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. खोटं कशाला बोला, आक्काला वाटलं, हा आता हाक मारतोय. तिने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मामा वळसा घालून समोर गेला होता.

भाच्याने त्याला पाहिलं. पण लाकूड पात्यात अर्धं होतं, आणि अर्ध्यावर थांबायचं नसतं. त्याने नजर पुन्हा लाकडावर लावली आणि फळी शेवटपर्यंत कापली. हात जराही हलला नाही. मामानेच शिकवलं होतं तसं. मग त्याने बटण बंद केलं. पातं गरगरत, कुरकुरत, फार सावकाश थांबलं. भाच्याने कानातले बोळे काढले. वखारीत आता भुसा खाली बसताना ऐकू येईल इतकी शांतता होती.

आता लहानाने आधी बोलायचं. भाच्याने तोंड उघडलं. शब्द काही बाहेर येईना.

"मुलगी कशी आहे?" मामाने विचारलं.

"रांगते."

"रांगायला लागली, आणि मी अजून पाहिली नाही."

भाचा खाली बघत राहिला. मामा वाट पाहत होता. आक्काच्या मनात आलं, अरे म्हण ना रे मेल्या, एक शब्द म्हण, कुत्र्याला म्हणायचास.

मग मामानेच खिशातून हात बाहेर काढला. "त्या दिवशी तू नमस्कार केलास," तो म्हणाला. "उत्तर द्यायचं राहून गेलं."

आणि त्याने भाच्याला हात जोडले. मोठ्या माणसाने लहानाला. डाव्या हाताचा अंगठा उजव्या अंगठ्याला टेकला, बोट बोटाला टेकलं. उजव्या हाताची उरलेली तीन बोटं मात्र एकटीच उभी राहिली. त्यांच्या समोर काही नव्हतं.

भाच्याने ते पाहिलं. नजर वळवायची म्हणून वळवता येईना. त्यानेही हात वर आणले, जोडले. आवाज फुटला तो रडण्यासारखाच फुटला.

"नमस्कार मामा."

मामा भाच्याच्या हातांकडे बघत होता. भाच्याच्या डाव्या हाताची तीन बोटं तळव्यात दुमडलेली होती. आपण ती कधी दुमडली, हे भाच्यालाही कळलं नव्हतं.

"सरळ कर ती," मामा म्हणाला. "तुला आहेत ना?"